भलत्याच माणसाला केलेला सलाम

महूच्या स्टेशनवर उतरलं की पाटीवर 'डॉ. आंबेडकर नगर' हे नाव दिसतं. बाहेर रिक्षावाला मात्र 'महू'च म्हणतो. गावाचं नाव २००३ साली बदललं, तरी दोन्ही नावं अजून शेजारी शेजारी नांदतात. शिवाय चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी सांगतंच, की महू म्हणजे 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. ऐकायला छान वाटतं, पण ते खरं नाही. १८१८च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, त्यानंतर इथे इंग्रजांची छावणी पडली. मऊ हे खेडं त्याआधीपासून होतं. आद्याक्षरं मागाहून चिकटवली गेली. म्हणजे गावाचीच ओळख लोक चुकीची सांगतात, तीही पिढ्यान्‌पिढ्या आणि अगदी खात्रीनं.

हे गाव गणवेशांचं आहे. इन्फंट्री स्कूल इथे, आर्मी वॉर कॉलेज इथे, टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगचं लष्करी कॉलेजही इथेच. माणूस कोण आहे हे इथे आधी खांद्यावर वाचायचं, चेहऱ्याकडे मग बघायचं. सलाम हुद्द्याला असतो, व्यक्तीला नव्हे, हे सैन्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आता तोच हुद्दा भलत्याच माणसाच्या खांद्यावर गेला तर? इटलीच्या सिनेमानं या एका प्रश्नावर चाळीसएक वर्षं लोकांना खदखदून हसवलं आहे. टोटो, बड स्पेन्सर आणि टेरेन्स हिल, रोबेर्तो बेनिन्यी यांचे हे फार्स मराठी माणसानं मनापासून बघावेत. ते परके वाटत नाहीत. त्यांच्यामागची वेदना आपल्या ओळखीची आहे.

मराठीत 'तोतया' हा फार जुना शब्द आहे, पण त्यानं हसू येत नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि काही वर्षांनी एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. लोक त्याच्यामागे गेले, बंड उभं राहिलं, अखेर १७७६ साली पुण्यात त्याला ठार करण्यात आलं. न. चिं. केळकरांनी त्यावर १९१३ साली 'तोतयाचे बंड' लिहिलं. तोतया जाणूनबुजून खोटं बोलतो. इटालियन फार्समधला नायक तसा नसतो. तो गरीब, थोडा भाबडा, बऱ्याचदा उपाशी असतो आणि आपल्या वाटेनं चाललेला असतो. लोकच त्याला धरतात, खुर्चीवर बसवतात, हार घालतात किंवा पिस्तूल रोखतात. खोटं बोलायला जग सुरुवात करतं, आणि त्याच्या ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

१९४९चा 'टोटो ल मोको' घ्या. नेपल्सच्या रस्त्यावर एकटाच पाच-सहा वाद्यं वाजवणारा एक वादक. त्याला अल्जियर्सहून बोलावणं येतं, की वारलेल्या नातेवाइकाची 'बांदा' आता तू सांभाळ. इटालियनमध्ये या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक बँडबाजा आणि दुसरा गुंडांची टोळी. बिचारा आनंदानं निघतो, आपण संगीतकार झालो अशा समजुतीत, आणि जाऊन पोचतो तो कसब्यातल्या दरोडेखोरांचा म्होरक्या म्हणून. पुढचा सगळा सिनेमा त्या एका शब्दाच्या दोन अर्थांवर चालतो. हात, मान, हनुवटी, सगळे अवयव सुटे करून पुन्हा जोडल्यासारखा टोटो चालतो. भीती त्याच्या गुडघ्यांतून दिसते, रुबाब मानेतून, आणि दोन्ही एकाच वेळी. भाषा कळो न कळो, हे कळतं.

या टोटोचं खरं नाव आंतोनिओ दे कुर्तिस. नेपल्सच्या सानिता या गरीब वस्तीत १८९८ साली जन्म. आई अविवाहित, बाप सरदार घराण्यातला. बापानं पुढे पुष्कळ वर्षांनी नाव दिलं. मग टोटोनं कोर्टकचेऱ्या करून आपल्या सरदारकीच्या पदव्यांची लांबलचक यादी सिद्ध करून घेतली, आणि पडद्यावर मात्र मरेपर्यंत उपाशी माणसाचीच कामं केली. 'तुम्ही कोण?' या प्रश्नाचं उत्तर कागदावर एक, पोटात एक आणि लोकांच्या नजरेत तिसरंच असतं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आदळआपटीच्या या विनोदाला इंग्रजीत 'स्लॅपस्टिक' म्हणतात. ती काठी मुळात इटलीचीच. सोळाव्या शतकापासून तिथे मुखवटे घालून गावोगाव खेळ करणाऱ्या मंडळ्या होत्या. त्यांतला आर्लेकिनो कमरेला दोन फळ्यांची एक काठी खोचून हिंडे. मारली की फळ्या एकमेकींवर आपटून मोठा फटाक आवाज येई, आणि लागत मात्र काहीच नसे. आपल्याकडे नाट्यशास्त्रात विदूषकाच्या हाती वाकडी काठी दिलेली आहे, तिला कुटिलक म्हणतात. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र'त डुलक्या घेणाऱ्या विदूषकाच्या अंगावर दासी सापासारखी वाकडी काठी टाकते आणि तो साप साप म्हणून ओरडत उठतो. ते नाटक घडतं माळव्यातल्या विदिशेत. त्याची नायिका विदर्भाची राजकन्या, आणि ती दासी म्हणून राहते आहे. ओळखीची गफलत विदर्भातून माळव्यात आली ती अशी, दोन हजार वर्षांच्या घरात!

माळव्याचा विषय निघाला की 'मृच्छकटिक' येणारच. उज्जैन महूपासून दोन तासांवरही नाही. शूद्रकाच्या या नाटकाचा पहिला अंक नुसता डोळ्यांसमोर आणावा. संध्याकाळ उलटून गेली आहे, गल्लीत मिट्ट काळोख. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेच्या मागे लागला आहे. चारुदत्ताच्या दाराशी ती पदरानं दिवा विझवून आत सटकते. बाहेर शकार अंधारात चाचपडत 'सापडली!' म्हणून पकडतो तो आपल्याच सोबत्याला. पुन्हा पकडतो तो आपल्याच नोकराला. तिसऱ्यांदा केस धरतो ते चारुदत्ताच्या दासीचे. आणि घरात चारुदत्त समोर उभ्या वसंतसेनेला दासी समजून 'पोराला आत ने' म्हणत तिच्या अंगावर शेला टाकतो. दाराच्या बाहेर एक चूक, आत दुसरी. बाहेरची चूक ओरबाडते, आतली चूक ऊब देते. इटालियन फार्सकाराच्या हाती हा प्रसंग दिला असता तर त्यानं त्यातलं एक पाऊलसुद्धा बदललं नसतं.

पुढे गाड्यांची अदलाबदल होते. वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत बसते आणि तुरुंगातून पळालेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत. गाडीवानाला बेडीचा खळखळाट ऐकू येतो आणि त्याला वाटतं पैंजण वाजले. हसू येतं, आणि दोनच अंकांनी त्याच चुकीमुळे एका बाईचा गळा आवळला जातो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणलं, ते उगीच नव्हे. ज्या देवलांनी 'संगीत शारदा' लिहिलं, त्यांना हसण्यामागची कळ कुठे असते हे पक्कं ठाऊक होतं.

याच देवलांच्या 'संशयकल्लोळ'ची वंशावळ बघितली तर ती थेट इटालियन मंडळींच्या विंगेपर्यंत पोचते. नाटक १९१६ साली गंधर्व मंडळींनी आणलं, त्याचं आधीचं गद्य रूप १८९३चं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. मूळ मोलिएरचं, १६६०चं, मध्ये एका इंग्रजी रूपांतराचा मुक्काम. आणि पॅरिसमध्ये मोलिएर ज्या रंगमंचावर त्या काळात खेळ करत होता, तोच मंच आलटूनपालटून वापरत होती फियोरिल्ली या थोर इटालियन नटाची मुखवटेवाली मंडळी. मोलिएर त्यांच्या अंगविक्षेपांकडे बारकाईनं बघत असे. म्हणजे फाल्गुनराव तसबीर हातात धरून जो थयथयाट करतो, त्याच्या हातापायांत नेपल्सचं थोडं रक्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या इंदूर-महूच्या मराठी घरांत ज्या नाटकाची पदं गुणगुणली गेली, त्याला परदेशी म्हणायची आता कोणाची छाती नाही.

दुसरं उदाहरण याहून नेमकं आहे. गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'अंमलदार' केलं. संस्थानी गावात एक सटरफटर माणूस येतो आणि अख्खं गाव त्याला बडा साहेब समजून त्याच्यापुढे वाकतं. त्याच गोगोलवरून लुइजी झाम्पानं १९६२ साली 'आन्नी रुज्जेन्ती' हा सिनेमा काढला. साल १९३७, मुसोलिनीचा अंमल. नीनो मानफ्रेदीनं रंगवलेला विमा एजंट दक्षिण इटलीतल्या एका गावात पॉलिसी विकायला जातो आणि गावचे पुढारी त्याला रोमहून गुपचूप आलेला पक्षाचा अधिकारी समजतात. जेवणावळी, मानपान, मुलगी दाखवणं, सगळं होतं. हळूहळू त्या विमा एजंटाला गावाची खरी दैना दिसू लागते. पुलंचं नाटक आणि झाम्पाचा सिनेमा एकाच दिवशी लागोपाठ बघितला, तर संस्थानी दरबार आणि फॅसिस्ट कचेरी यांची लाचारी किती सारखी होती हे कोणालाही दिसेल. संस्थानात वाढलेल्या आजोबांना तर ते समजावून सांगावंही लागणार नाही.

या सगळ्यात पोटाचा प्रश्न नेहमी असतो, आणि चांगला फार्स ओळखण्याची ती खूण आहे. मराठीत 'अशी ही बनवाबनवी' १९८८ सालापासून आजतागायत ताजी राहिली ती सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसले म्हणून नव्हे. साडी कितीतरी नट नेसले. मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'पासून (१९६६) कथेच्या मुळाशी एक खोली आहे. ती मिळत नाही, कारण घरमालकाला लग्न झालेली जोडपीच हवीत. डोक्यावर छप्पर हवं म्हणून परशुरामाची पार्वती होते. गरज खरी आहे, म्हणून पदर घसरला की प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडतो. आजच्या पुष्कळ विनोदी कार्यक्रमांत पुरुषाला साडी नेसवतात आणि तेवढ्यावरच थांबतात. कशासाठी नेसला, न नेसता काय बिघडलं असतं, याचं उत्तर नसतं. मग आदळआपट होते आणि हसू येत नाही. बबन प्रभूंच्या फार्समध्ये एकेक दार उघडायला कारण लागे. ती शिस्त परत यायला हवी.

इंदूर परिसरानं हिंदी सिनेमाला या जातीचे दोन मोठे नट दिले. पहिला जॉनी वॉकर. १९२६ साली इंदुरात जन्मलेले बद्रुद्दीन काझी. वडील गिरणीत कामाला. ती रोजी गेली, कुटुंब मुंबईला आलं, पोरगा बेस्टच्या बसवर कंडक्टर झाला. बलराज साहनींच्या सांगण्यावरून तो गुरुदत्तसमोर दारुड्याचं सोंग करत शिरला आणि तिथल्या लोकांना तो खरोखरच प्यायलेला वाटला. त्या गैरसमजातून 'बाजी'तलं (१९५१) काम मिळालं आणि दारूच्या बाटलीवरचं नाव जन्माला चिकटलं. हा माणूस दारूला शिवतही नव्हता. जन्मभर लोकांनी ज्याला दारुडा म्हणून ओळखलं तो कंडक्टर, आणि बेनिन्यीच्या 'जॉनी स्तेक्किनो'तला (१९९१) माफिया सरदार म्हणून ओळखला जाणारा शाळेचा बसड्रायव्हर, हे दोघे एका आळीतले वाटतात. सिनेमात त्या दांतेला काहीच ठाऊक नसतं. पालेर्मोच्या बाजारात आपण एक केळं उचललं म्हणून सारं शहर आपल्यावर उठलं, असं तो धरून चालतो. ऑपेराच्या थिएटरात माणसं खुनी-दगाबाज म्हणून ओरडतात आणि तो त्या केळ्याबद्दल लाजतो. निर्दोष माणसाचा अपराधीपणा यापेक्षा हळुवारपणे क्वचितच कोणी दाखवला असेल.

दुसरा किशोरकुमार. खंडव्याचा मुलगा, इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकायला. त्या काळची मीटरगेज गाडी खंडव्याहून कालाकुंड, पातालपाणी करत महूवरूनच इंदूरला जायची. पुढे त्यानं 'दो दूनी चार'मध्ये (१९६८) जुळ्यांची दुहेरी भूमिका केली. त्या गोष्टीचा प्रवास फार लांबचा आहे. रोमन नाटककार प्लाउतुस हा इटलीच्या मातीतला, त्याच्या जुळ्या भावांच्या नाटकावरून शेक्सपिअरनं 'कॉमेडी ऑफ एरर्स' केलं, त्यावरून ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९ साली बंगालीत 'भ्रांतिविलास' लिहिलं, त्यावर उत्तमकुमारचा सिनेमा आला, मग 'दो दूनी चार' आणि अखेर गुलजारांचा 'अंगूर' (१९८२). 'अंगूर'मधला संजीवकुमारचा अशोक हेरकथा वाचून वाचून प्रत्येक माणूस 'गँग'मधला आहे असं समजतो. टोटो टोळीला बँड समजला होता, हा साध्या माणसांना टोळी समजतो.

आता महूच्या मातीतली गोष्ट, आणि ती हसण्याची नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. दहा वर्षांनी, १९०१ साली, सातारा जिल्ह्यात भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. घ्यायला कोणी आलं नव्हतं. पोरांचे नीटनेटके कपडे बघून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुलं वाटली आणि त्यानं आपुलकीनं चौकशी केली. मुलांनी खरं सांगितलं. त्याचा चेहरा क्षणात बदलला. मग गाडी मिळेना. दुप्पट भाडं देऊन आणि स्वतः बैल हाकून त्यांना प्रवास करावा लागला. गाडीवान शेजारून चालत होता. सोबत जेवण होतं, पाणी मिळालं नाही. पुढे १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात पारशी धर्मशाळेत राहिले, रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक जिन्यावरून वर आले आणि तू कोण म्हणून विचारू लागले. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त हे साध्या, न चढलेल्या आवाजात लिहिलं आहे.

फार्सचा सगळा सांगाडा इथे हजर आहे. कपड्यांवरून झालेली चूक, खोटं नाव, दारात जमलेली माणसं, हातात काठ्या. फरक इतकाच, की या काठ्या आर्लेकिनोच्या दोन फळ्यांच्या नव्हत्या. म्हणूनच या जातीच्या विनोदाला थिल्लर म्हणून झटकणाऱ्यांशी प्रस्तुत लेखाचं भांडण आहे. स्टेशनमास्तर ज्या मुलांशी आपुलकीनं बोलला आणि ज्या मुलांकडे त्यानं पाठ फिरवली ती मुलं तीच होती, मध्ये फक्त एक शब्द उच्चारला गेला. समाज माणसाकडे बघतच नाही, चिठ्ठीकडे बघतो, हे सिद्ध करायला यापेक्षा स्वच्छ प्रयोग नाही. इटालियन फार्स हाच प्रयोग उलटा करतो. खालच्या माणसाला वरची चिठ्ठी लावतो आणि मग साहेब, सरदार, पोलीस सगळे कसे वाकतात ते दाखवतो. ज्यांना आयुष्यभर वाकावं लागलं त्यांना ते बघताना जे हसू फुटतं, त्यात हिशेब चुकता झाल्याचं समाधान असतं.

कधी हा प्रयोग हसण्यापलीकडे जातो. रोस्सेलिनीच्या 'जनरल देल्ला रोव्हेरे'त (१९५९) व्हित्तोरिओ दे सिका एक भुरटा ठग आहे. जर्मन त्याला मेलेल्या जनरलचं नाव देऊन मिलानच्या तुरुंगात ठेवतात, कैद्यांकडून गुपितं काढायला. कैदी त्याला खरा जनरल मानून ताठ उभे राहतात. त्यांच्या त्या मानण्यानं हळूहळू त्या ठगाचा कणाही ताठ होतो, आणि अखेर तो गुपित न देता गोळीला सामोरा जातो. महूच्या एखाद्या लष्करी सभागृहात हा सिनेमा एकदा लागावा. तरुण अधिकाऱ्यांना तो इतर कोणाहूनही जवळचा वाटेल.

मुलांसाठी सुरुवात बड स्पेन्सर आणि टेरेन्स हिल यांच्यापासून करावी. पहिला नेपल्सचा, खरं नाव कार्लो पेदेर्सोली, शंभर मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन, ऑलिंपिक खेळलेला. दुसरा व्हेनिसचा मारिओ जिरोत्ती. १९८३च्या त्यांच्या 'नाती कोन ला कामिचा'त दोन भटक्यांना लोक अमेरिकेचे गुप्तहेर समजतात. मारामाऱ्या भरपूर, रक्ताचा थेंब नाही. डोक्यावर वरून एक धपाटा बसतो आणि गुंड खाली बसतो. आजी-नातू एकत्र बघू शकतात.

मोठ्यांसाठी मात्र पहिला सिनेमा एकच, 'मिझेरिया ए नोबिल्ता', १९५४चा, टोटो आणि तरुण सोफिया लोरेन. एका सरदारपुत्राला आपल्या प्रेयसीच्या श्रीमंत बापासमोर नातेवाईक उभे करायचे आहेत, म्हणून तो एका फाटक्या कुटुंबालाच सरदार-दरकदार बनवून नेतो. गंमत पुढे खूप आहे, पण सिनेमाचं काळीज आधीच येऊन जातं. इंदुरात मराठी नाटकं आणणाऱ्या 'सानंद'सारख्या संस्थेनं मराठी उपशीर्षकं देऊन हा सिनेमा दाखवला, तर सभागृहात त्या प्रसंगाला काय होईल याची कल्पना करता येते. दोन कुटुंबं एका खोलीत, सगळे उपाशी, भिंतीला टेकून खुर्च्यांवर बसलेले. अचानक दारातून स्वयंपाकी येतो आणि टेबलावर वाफाळत्या स्पॅगेटीचं मोठं पातेलं ठेवून निघून जातो. कोणी बोलत नाही. खुर्च्या इंचाइंचानं टेबलाकडे सरकू लागतात. मग एकदम सगळे तुटून पडतात, हातांनी, बोटांनी. टोटो टेबलावर चढतो, नाचतो, आणि नाचता नाचता मूठमूठ स्पॅगेटी कोटाच्या खिशात भरत राहतो, उद्यासाठी.